डोळ्यातला दाब नॉर्मल, तरी काचबिंदू कसा?

असा एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. कार्तिक महिन्यातली पहाट आहे. काशीच्या पंचगंगा घाटावर उंच बांबूंना टांगलेले आकाशदीप अजून मिणमिणत आहेत. शेजारच्या दुर्गाघाटावरच्या एका जुन्या मराठी घरातून सत्तरीच्या आजी नातवाचा हात धरून स्नानाला निघाल्या आहेत. लग्न होऊन आल्यापासून त्या याच पायऱ्या उतरत आल्या आहेत. पण गेल्या वर्षभरात दोनदा त्यांचा पाय चुकला. समोरचं सगळं दिसतं, गंगेपलीकडची वाळूही दिसते. मात्र बाजूने येणारा माणूस किंवा पायाखालची पायरी ऐनवेळी दिसतच नाही.

घरच्यांना वाटलं, मोतीबिंदू असेल, ऑपरेशन करून टाकू. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ‘‘डोळ्यातला दाब १६ आहे, म्हणजे नॉर्मल. पण डोळ्याची नस सुकायला लागली आहे. हा काचबिंदू आहे.’’

घरी परतताना नातवाने विचारलं, ‘‘आजी, दाब नॉर्मल आहे तर नस का सुकते?’’

आजी म्हणाल्या, ‘‘अरे, मी पण तेच विचारत होते!’’

प्रश्न अगदी बरोबर आहे. जगभरचे नेत्रतज्ज्ञही तो अनेक वर्षांपासून विचारत आहेत. त्याचं एक संभाव्य उत्तर डोळ्यात नाही, डोळ्याच्या मागे, कवटीच्या आत दडलेलं आहे.

मोतीबिंदू वेगळा, काचबिंदू वेगळा

मोतीबिंदूत डोळ्यातलं नैसर्गिक भिंग गढूळ होतं. ते काढून नवं भिंग बसवलं की नजर परत येते. काचबिंदूत भिंग ठीक असलं तरी डोळ्याकडून मेंदूकडे चित्र पोहोचवणारी नस हळूहळू मरत जाते. या नसेत दहा लाखांहून अधिक बारीक तंतू असतात. ते एकदा गेले की पुन्हा उगवत नाहीत, म्हणून गेलेली नजर कोणत्याही ऑपरेशनने परत येत नाही. उपचाराने फक्त उरलेली नजर वाचवता येते.

शिवाय हा आजार चोरपावलांनी येतो. बहुतेकांना ना दुखतं, ना डोळा लाल होतो. आधी कडेची नजर जाते आणि एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो. त्यामुळे माणसाला पत्ताच लागत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार भारतात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू होता. त्यातल्या बहुसंख्य लोकांना तो असल्याचं ठाऊकच नव्हतं.

काचबिंदूचा एक प्रकार मात्र अचानक येतो. डोळा घुसळल्यासारखा ठणकतो, अर्धं डोकं फुटेल असं वाटतं, उलट्या होतात. सुश्रुतसंहितेत ‘अधिमंथ’ नावाच्या नेत्ररोगाचं वर्णन बरंचसं असंच आहे. उपचार न झाल्यास काही दिवसांतच नजर जाते, असंही त्यात म्हटलं आहे. याच ग्रंथानुसार सुश्रुताचे गुरू म्हणजे काशीचे राजे दिवोदास धन्वंतरी. म्हणजे आजींच्या या गावाचा डोळ्यांच्या आजाराशी संबंध फार जुना आहे.

नस दोन दाबांच्या मधोमध

डोळा हा पाण्याने भरलेल्या लहान चेंडूसारखा आहे. त्यातलं पाणी सतत तयार होतं आणि बारीक जाळीतून बाहेर जातं. त्यामुळे आत ठरावीक दाब राहतो. रक्तदाबासारखाच तोही पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. साधारण १० ते २१ हा आकडा नॉर्मल धरला जातो.

आता डोळ्याच्या मागे चला. नस जिथून बाहेर पडते, तिथे डोळ्याच्या भिंतीत चाळणीसारखा एक पातळ पडदा असतो. त्याच्या भोकांतून नसेचे तंतू मागे जातात. पडद्याच्या पुढच्या बाजूला डोळ्यातलं पाणी आहे. मागच्या बाजूला काय आहे? तिथेही पाणीच आहे! मेंदूभोवती जे पाणी असतं, तेच नसेच्या आवरणातून थेट डोळ्याच्या मागच्या भिंतीपर्यंत आलेलं असतं. त्या पाण्याचाही दाब असतो. आडवं झोपलेल्या निरोगी मोठ्या माणसात तो साधारण ७ ते १५ असतो.

दाराच्या पडद्याचं उदाहरण घ्या. दोन्ही बाजूंनी सारखाच वारा असेल तर पडदा सरळ राहतो. एका बाजूचा वारा कमी झाला की तो त्या बाजूला फुगतो. या चाळणीचंही तसंच होत असावं. पुढून १६ आणि मागून १३ दाब असेल तर फरक ३ चाच. पण पुढून तेच १६ आणि मागून फक्त ५ असेल तर फरक ११ होतो. मग चाळणी मागे ढकलली जाते, भोकं वाकडी होतात आणि त्यांतले नाजूक तंतू चिमटतात. डोळ्याचं मशीन मात्र दोन्ही वेळा १६ च दाखवतं.

सुईने मिळालेला पहिला पुरावा

डोळ्यातला दाब पूर्वी डॉक्टर बोटांनी चाचपून ठरवत. १९०५ साली नॉर्वेच्या यालमार श्योट्झ यांनी डोळ्यावर ठेवून दाब मोजायचं छोटं उपकरण आणलं आणि चित्र बदललं. आज ही तपासणी मिनिटभरात होते. कवटीतला दाब मोजणं मात्र एवढं सोपं झालं नाही. १८९१ मध्ये जर्मनीच्या हाइनरिक क्विंके यांनी कमरेत सुई घालून पाणी काढण्याची पद्धत आणली. आपण जिला ‘पाठीतलं पाणी काढणं’ म्हणतो, तीच ही. आजही खात्रीने दाब मोजायचा तर सुईच लागते किंवा कवटीला छिद्र पाडावं लागतं.

काचबिंदूच्या रुग्णाला उगाच कोण सुई टोचणार? म्हणून अमेरिकेतल्या संशोधकांनी दुसरी वाट धरली. मेयो क्लिनिकमध्ये इतर कारणांसाठी पाठीतलं पाणी काढलेल्या लोकांच्या जुन्या नोंदी त्यांनी चाळल्या. २००८ साली त्यांनी सांगितलं की काचबिंदू असलेल्या २८ जणांमध्ये हा दाब सरासरी ९.२ होता, तर काचबिंदू नसलेल्या ४९ जणांमध्ये १३. दोन वर्षांनी बीजिंगमधल्या संशोधकांनी प्रत्यक्ष मोजमाप केलं. डोळ्यातला दाब नॉर्मल असूनही काचबिंदू झालेल्यांमध्ये कवटीतला दाब सर्वांत कमी, सरासरी ९.५ निघाला. निरोगी लोकांमध्ये तो १२.९ होता.

संख्या लहान होत्या, पण इशारा मोठा होता. आता सुईशिवाय हा दाब कळेल का, हा पुढचा प्रश्न होता. त्यावरचं एक उत्तर आपल्या विदर्भातून आलं.

नागपूरजवळची आठ गावं

२००६ ते २००८ या काळात नागपूरपासून साधारण ४० किलोमीटरवरच्या आठ गावांमध्ये मोठी नेत्रतपासणी झाली. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे डॉ. योस्ट योनास यांच्या पुढाकाराने झालेल्या या अभ्यासात तिशीपुढचे ४,७११ गावकरी सहभागी झाले. त्यांचं वजन, उंची, रक्तदाब आणि डोळे तपासले गेले.

एवढ्या लोकांच्या पाठीत सुई टोचणं शक्यच नव्हतं. म्हणून बीजिंगच्या मोजमापांवरून बनवलेलं एक सूत्र वापरलं गेलं. ते असं: बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, गुणिले ०.४४; त्यात खालचा रक्तदाब गुणिले ०.१६ मिळवायचा, त्यातून वय गुणिले ०.१८ वजा करायचं आणि शेवटी १.९१ वजा करायचे. आलेला आकडा म्हणजे कवटीतल्या दाबाचा अंदाज.

आपल्या आजींचंच गणित करू. वय ७०, बीएमआय १८, खालचा रक्तदाब ७० धरला तर अंदाज येतो सुमारे ४.६. डोळ्यातला दाब १६, म्हणजे फरक ११ च्या वर. आता त्यांच्या सुनेचं पाहा. वय ४२, बीएमआय २६, खालचा रक्तदाब ८४. तिचा अंदाज येतो सुमारे १५.४. तिच्याही डोळ्यातला दाब १६ असला तरी फरक एकसुद्धा भरत नाही. एकाच घरात, एकाच आकड्याचे दोन अर्थ!

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत काचबिंदू नसलेल्या गावकऱ्यांमध्ये हा फरक सरासरी ३.६ च्या आसपास होता. काचबिंदू असलेल्यांमध्ये तो ९.७ च्या आसपास होता. अर्थात, काही रुग्णांचा डोळ्यातला दाबच जास्त असतो, त्यामुळेही फरक वाढतो, हे विसरून चालणार नाही.

हे गणित घरी करून स्वतःला ‘पास’ किंवा ‘नापास’ ठरवू नका. सूत्र म्हणजे मोजमाप नव्हे. हजारो लोकांची सरासरी सांगायला ते उपयोगी पडेल, पण एका आजीच्या कवटीत आज काय चाललंय, हे वजन आणि वयावरून नेमकं कळत नाही. आणि ‘वजन वाढवलं की नस वाचेल’ असा अर्थ तर मुळीच काढू नका. कवटीतला दाब प्रमाणाबाहेर वाढला तरी नजर धोक्यात येते. वजन जास्त असलेल्या तरुण स्त्रियांमध्ये असा आजार आढळतो. त्यात सतत डोकं दुखतं आणि डोळ्याची नस सुजते.

कौनासचा तराजू

सूत्र नको, खरं मोजमाप हवं, असं म्हणणाऱ्यांमध्ये लिथुआनियातल्या कौनास शहराचे संशोधक आघाडीवर आहेत. तिथल्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे अर्मिनास रागाउस्कास यांनी डोळ्याच्या धमनीलाच तराजू बनवलं.

ही धमनी कवटीच्या आत सुरू होते आणि तिथून डोळ्याच्या खोबणीत येते. म्हणजे तिचा एक तुकडा कवटीतल्या दाबाखाली असतो, तर दुसरा बाहेर. तपासणीत रुग्ण आडवा झोपतो. मिटलेल्या पापणीवर एक मऊ, हवेने फुगणारी गादी ठेवतात. डॉप्लर सोनोग्राफी दोन्ही तुकड्यांतल्या रक्ताची लय एकाच वेळी टिपते. मग गादीतला दाब हळूहळू, थोडा थोडा वाढवतात. एका क्षणी दोन्ही तुकड्यांतली लय सारखी होते. तराजूची दोन्ही पारडी समान झाली, म्हणजे बाहेरून दिलेला दाब आणि कवटीतला दाब सारखा. तो आकडा लिहून घ्यायचा. सुई नाही, भूल नाही.

२०१२ साली या गटाने मेंदूच्या आजारांच्या ६२ रुग्णांमध्ये हे मोजमाप सुईच्या मोजमापाशी ताडून पाहिलं आणि दोन्ही आकडे जवळपास जुळले. त्यानंतर कौनासमधल्याच नेत्रतज्ज्ञ इंग्रिडा यानुलेविचिएने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते काचबिंदूच्या रुग्णांमध्ये वापरायला सुरुवात केली.

आणखीही वाटा शोधल्या जात आहेत. कवटीतला दाब वाढला की नसेचं आवरण फुगतं. ते सोनोग्राफीने मोजता येतं आणि डोक्याला मार लागलेल्या रुग्णांसाठी आयसीयूत ही तपासणी केली जाते. एमआरआयमध्ये नसेभोवतीच्या पाण्याची जाडी पाहून दाबाचा अंदाज बांधण्याचे प्रयत्नही झाले आहेत. नासालाही या विषयात रस आहे. अंतराळात महिनोन्‌महिने राहिलेल्या काही अंतराळवीरांच्या डोळ्यांची नस सुजलेली आणि डोळ्याचा मागचा भाग चपटा झालेला आढळला. तिथे शरीरातलं पाणी डोक्याकडे सरकतं, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं.

मग ही तपासणी आपल्याकडे का होत नाही?

कारण प्रश्न अजून सुटलेला नाही. २०१८ साली स्वीडनच्या उमेओ शहरातल्या संशोधकांनी नॉर्मल दाबाच्या काचबिंदूचे १३ रुग्ण आणि ११ निरोगी लोक यांच्यातला दाब थेट सुईने मोजला. झोपून, बसून, डोकं खाली करून, अशा वेगवेगळ्या स्थितींत मोजला. दोन्ही गटांत लक्षणीय फरक सापडला नाही. म्हणजे कवटीतला कमी दाब हे सगळ्यांच्या काचबिंदूचं कारण नसावं. काहींमध्ये नसेचा रक्तपुरवठा कमी पडतो, काहींची चाळणीच जन्मतः नाजूक असते. शिवाय उभं राहिलं की कवटीतला दाब बराच खाली येतो आणि झोपलं की वाढतो. मग दिवसातला कोणता आकडा खरा मानायचा?

म्हणून ही तपासणी आज तरी संशोधनापुरतीच आहे. कोणी ‘काचबिंदूसाठी कवटीतला दाब मोजून देतो’ असं सांगून पैसे मागितले, तर आधी तुमच्या नेत्रतज्ज्ञांना विचारा.

पण या संशोधनाने एक गोष्ट घरोघरी पोहोचायला हवी: दाबाचा आकडा नॉर्मल आहे म्हणून डोळा नॉर्मल आहे, असं नाही. जपानच्या ताजिमी शहरातल्या मोठ्या पाहणीत सर्वसाधारण काचबिंदू असलेल्यांपैकी ९२ टक्के लोकांचा डोळ्यातला दाब २१ किंवा त्याहून कमी होता. फक्त दाब मोजून त्यांना घरी पाठवलं असतं तर?

दाब नॉर्मल आहे, मग थेंब कशाला?

आजींच्या मुलालाही हाच प्रश्न पडला होता. याचं उत्तर १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दिलं आहे. नॉर्मल दाबाच्या काचबिंदूतही डोळ्यातला दाब आणखी ३० टक्क्यांनी कमी केला, तेव्हा १२ टक्के डोळ्यांमध्येच आजार पुढे सरकला. उपचार न केलेल्या डोळ्यांमध्ये हे प्रमाण ३५ टक्के होतं. मागच्या बाजूचा दाब आपल्या हातात नाही, पण पुढचा आहे. तो कमी केला की चाळणीवरचा भार हलका होतो. थेंब टाकल्याने नजर वाढल्यासारखी वाटणार नाही. ती आहे तेवढी टिकावी, हेच थेंबांचं काम आहे. म्हणून ‘काही फरक पडत नाही’ म्हणून ते बंद करू नका.

घरच्यांनी लक्षात ठेवावं असं

* चाळिशीनंतर चष्म्याचा नंबर काढायला जाल तेव्हा ‘डोळ्याची नसही बघा’ असं आवर्जून सांगा. नसेची तपासणी, कडेच्या नजरेची फिल्ड टेस्ट आणि गरज पडल्यास ओसीटी स्कॅन, यांवरून काचबिंदू कळतो.

* बुबुळ पातळ असेल तर मशीन दाब खरा आहे त्यापेक्षा कमी दाखवतं. म्हणून बुबुळाची जाडीही मोजून घ्या. दाब दिवसभर बदलतो, एका आकड्यावर निश्चिंत राहू नका.

* आई, वडील, भाऊ किंवा बहीण यांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर तुमचा धोका अनेक पटींनी वाढतो. एकाचं निदान झालं की सगळ्या घराने तपासून घ्यावं.

* स्टेरॉइडचे थेंब मेडिकलमधून परस्पर आणून महिनोन्‌महिने टाकू नका. काही लोकांत त्याने डोळ्यातला दाब गुपचूप वाढतो.

* रक्तदाबाची गोळी घेत असाल तर नेत्रतज्ज्ञांना सांगा. रात्री रक्तदाब फार खाली गेला तर नसेला रक्त कमी पडू शकतं. मात्र गोळीची वेळ किंवा मात्रा स्वतःहून बदलू नका.

* योगासनं जरूर करा, पण काचबिंदू असेल तर शीर्षासन टाळा. चेन्नईत ७५ योगाभ्यासींवर झालेल्या अभ्यासात शीर्षासनाच्या वेळी डोळ्यातला दाब जवळपास दुप्पट झालेला आढळला. डोकं खाली केल्यावर कवटीतला दाबही वाढतो, पण त्या भरवशावर नसेची परीक्षा घेऊ नये.

* डोळा अचानक ठणकू लागला, दिव्यांभोवती रंगीत वलयं दिसू लागली, उलट्या झाल्या, तर ‘अर्धशिशी असेल’ म्हणून थांबू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पुन्हा घाटावर

आजींचे थेंब आता रोज रात्री ठरल्या वेळी पडतात. जबाबदारी नातवाची आहे. त्याच्या फोनमध्ये नऊ वाजताचा गजर लावलेला आहे. वडिलांचे आणि आत्याचे डोळेही तपासून झाले. आत्याची नस संशयास्पद निघाली, पण नजर अजून शाबूत आहे. म्हणजे आजींच्या दोनदा चुकलेल्या पावलाने लेकीचे डोळे वेळेत दाखवले.

पहाटे घाट उतरताना आजी आता कडेच्या भिंतीला धरून, मान वळवून दोन्ही बाजूंना पाहत पायरी घेतात. नातू विचारतो, ‘‘आजी, पुढची पायरी दिसतेय ना?’’

‘‘दिसतेय रे,’’ त्या म्हणतात, ‘‘आणि दिसत राहावी म्हणून तर ते थेंब.’’

तुमच्या घरातल्या मोठ्यांना आज हा एक प्रश्न विचारा: डोळ्याची नस शेवटची कधी तपासली होती? उत्तर ‘आठवत नाही’ असं आलं, तर याच आठवड्यात त्यांना घेऊन जा.